गाली अंकल

मे महिन्यात दुपारी साडेतीनला हैदराबादेत आमच्या अंबरपेठच्या गल्लीत एखादा माणूस रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा दिसला, तर त्याला ऊन लागलंय असं समजून कुणी पाणी घेऊन धावू नये. ते अण्णा. वारा मोजताहेत. उजव्या हातात टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र, यंत्राच्या डोक्यावर अंगठ्याएवढा पंखा. डाव्या हातात पेटती उदबत्ती. उदबत्ती दिशा कळण्यासाठी. तिचा धूर देवघरातल्यासारखा निमूट सरळ वर जातो. अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात, यंत्र नाकाशी नेतात आणि जाहीर करतात, "शून्य पूर्णांक चार."

म्हणजे सेकंदाला चाळीस सेंटिमीटर. वाण्याच्या दुकानापर्यंत चालत गेलं तरी अंगाला याच्या तिप्पट वारा लागतो. पण अण्णा खट्टू होत नाहीत. आपण राहतो ती जागा राहण्यालायक नाही, हे आकड्यानिशी सिद्ध झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

गल्लीतली तेलुगू पोरं त्यांना 'गाली अंकल' म्हणतात. तेलुगूत गाली म्हणजे वारा. उदगीरहून आलेल्या त्यांच्या मेव्हण्यानं ही हाक पहिल्यांदा ऐकली, तेव्हा तो दाराशी काढलेली चप्पल हातात घेऊन पोरांमागे धावला होता. दाजींना भर रस्त्यात शिव्या घालतात म्हणजे काय! त्याला बसवून, पाणी पाजून तेलुगूचा पहिला धडा द्यावा लागला. दुसरा धडा मी दिला नाही. तेलुगूत 'गाली मेडलु' असा शब्दप्रयोग आहे. शब्दशः वाऱ्याच्या माड्या. अर्थानं आपले हवेतले इमले. अण्णांना तेलुगू माझ्याहून चांगलं येतं, तेव्हा हा शब्द त्यांच्या कानावर आला नसेल असं समजायला जागा नाही. पण त्यांनी कधी विषय काढला नाही आणि मीही नाही. शेजारधर्म म्हणून काही असतंच.

अण्णा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांची घरं काढली, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर: अधिकाऱ्यांचे बंगले, विश्रामगृहं आणि शेकड्यांनी क्वार्टर्स. स्वतः मात्र दुसऱ्या मजल्यावर अशा घरात, की गॅलरीसमोर साडेचार फुटांवर पलीकडच्या इमारतीची गॅलरी. तिकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे अण्णांना ठसका. रिटायर झाले त्या हिवाळ्यात साताऱ्याला भाचीचं लग्न होतं. वऱ्हाडातली एक सुमो ठोसेघरचा धबधबा बघायला निघाली, ती पुढं चाळकेवाडीच्या सड्यावर चढली. लांबच लांब सपाट कातळ, वाळकं गवत आणि नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. वहिनी सांगतात, सगळे फोटो काढत होते आणि हे एका पवनचक्कीच्या खांबाला कान लावून उभे होते. परतीच्या वाटेवर गप्प. रात्री लॉजवर म्हणाले, "एवढ्या मोठ्याची गरज नाही. घराला एक छोटी पुरे."

तेव्हापासून अण्णा जागा बघताहेत.

अटी तशा मोजक्याच आहेत. घर दाबलेल्या मातीच्या विटांचं, चुन्यातलं. खाली शहाबादी फरशी, डोक्यावर उदगीरच्या वाड्याला होतं तसं माळवद. वीज वाऱ्याची, खात्याची तार घराला शिवता कामा नये. आणि जागा अशी हवी, की जिथं कुणी, कधी, काहीही बांधू शकणार नाही. ग्यानबाची मेख या शेवटच्या अटीत आहे. जिथं कुणीच बांधू शकणार नाही अशा जागा आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आखून ठेवल्या आहेत. त्यांना अभयारण्य नाहीतर राष्ट्रीय उद्यान म्हणतात. आणि 'कुणीच' या शब्दात अण्णा स्वतःला धरत नाहीत.

मी एकदा हे बोलून दाखवलं. ते दुखावले नाहीत. धड्यात कच्च्या राहिलेल्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "अरे, कायदा बांधकामाला आहे. माझं पर्यावरणपूरक आहे."

वाऱ्याचं गणित त्यांना तोंडपाठ. ऐकणारा लागतोच असं नाही, असला तर बरं. परवा भाजीच्या गाडीवर वांगी निवडता निवडता सुरू झाले, "वारा दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही. आठपट होते. घनाच्या हिशेबात!" भाजीवाली म्हणाली, "लेना है तो लेओ साब, नई तो हाथ नक्को लगाओ." घरी येईपर्यंत मला बेट्झ ऐकावा लागला. हा जर्मन शास्त्रज्ञ. त्यानं १९१९ साली सिद्ध केलं, की पवनचक्की कितीही चांगली असो, वाऱ्यातल्या शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांवर तिला घेता येत नाही. सगळी शक्ती काढून घेतली तर वारा तिथंच थांबेल, आणि थांबलेला वारा मागून येणाऱ्याची वाट अडवील. "थोडं सोडावंच लागतं," अण्णा म्हणाले. आमच्या सोसायटीच्या माजी खजिनदाराला हा नियम कुणी वेळेत सांगायला हवा होता.

वहिनींनी मात्र एकाच प्रश्नात या शास्त्राचा निकाल लावला. स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मिक्सर चालंल का?"

अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली. दोन मीटर व्यासाची पवनचक्की. तीन मीटरचा वारा असेल तर पंधराएक वॅट; म्हणजे एक दिवा, फार तर मोबाइल. सहाचा असेल तर सव्वाशेच्या आत. पंखा, दिवे, रेडिओ. मिक्सर साडेसातशेचा. म्हणजे वारा अकराच्या आसपास हवा. अकरा म्हणजे ताशी चाळीसएक किलोमीटर.

"मग शेंगदाण्याची चटणी करायला वादळाची वाट बघायची," वहिनी म्हणाल्या आणि मिक्सर सुरू केला. त्यानंतर अण्णा काय बोलले ते ऐकू आलं नाही.

आणखी एक गोम आहे आणि ती अण्णांनीच मला समजावून सांगितली, त्याअर्थी त्यांना ती कळलेली आहे. वारा सरळ वाहता हवा. मध्ये झाड आलं, भिंत आली, की तो घुसळतो आणि घुसळलेल्या वाऱ्यावर पातं नुसतं थरथरतं. म्हणून दीडशे मीटरच्या टापूत जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्याही वर तीस फूट पंखा हवा. सागाच्या जंगलात घर बांधलं तर शेंड्यांच्या वर आणखी तीन मजले खांब. थोडक्यात, जिथं झाडं आहेत तिथं वारा नाही आणि जिथं वारा आहे तिथं झाडं नाहीत. अण्णांना दोन्ही हवं. मधोमध उघडाबोडका सडा आणि चहूकडे अरण्य. अशा जागा नाहीत असं नाही. पण गरुड-गिधाडांनाही त्या याच वाऱ्यासाठी पसंत पडलेल्या असतात आणि ती मंडळी अण्णांच्या आधीपासून जागा बघताहेत.

शिवाय आमचं तेलंगण वाऱ्याच्या बाबतीत हात आखडून आहे. महाराष्ट्रात पवनऊर्जेची उभारलेली क्षमता पाच हजार मेगावॅटच्या वर, इथं १२८. अण्णा हा आकडा सांगताना आवाज खाली आणतात, घरातली अडचण सांगावी तसा.

सगळ्या जागांची नोंद एका लाल कापडी बांधणीच्या, लांबोडक्या खातेवहीत आहे. रकाने ड्राफ्ट्समनच्या अक्षरात आखलेले: जागा, वारा, पाणी, उतार, शेजार, शेरा. ही वही मी तीन-चारदा चाळली आहे. मराठी गद्याचा इतका आटोपशीर नमुना मला दुसरा माहीत नाही. 'केबीआर पार्क. वारा १.१. शेजार: सिनेनट. शेरा: नको.' हे ज्युबिली हिल्समधलं राष्ट्रीय उद्यान. त्याखाली बारीक अक्षरात, 'आत सातव्या निजामाच्या नातवाचा चिरान पॅलेस आहे. म्हणजे पायंडा आहे.' एका पानावर, 'वारा उत्तम, पाणी उत्तम. कायद्याने अशक्य.' पुढच्याच ओळीत दुसरी जागा, 'कायद्याने शक्य. भिकार.' चौदा वर्षांच्या नोंदीत या दोन शेऱ्यांच्या मधला तिसरा शेरा मला सापडला नाही.

भीमाशंकरच्या नोंदीत शेजार म्हणून 'शेकरू' लिहिलंय आणि शेऱ्यात 'आधीच कुणीतरी आलंय'. आलंय ते खरंच. तिथल्या अभयारण्याच्या जवळ, आंध्रा धरणाच्या वरच्या डोंगरावर वनजमिनीत पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प उभा राहिला. रस्त्यांसाठी डोंगर फोडले, माती खाली उतरली, गावकऱ्यांच्या वाटा अडल्या, असं माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ च्या अहवालात लिहून ठेवलं. तो भाग अण्णांनी प्रिंट काढून आणला, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मला वाचून दाखवला. वाचताना आवाज थरथरत होता. "वारा स्वच्छ आहे म्हणून वाऱ्यासाठी काहीही करायचं? जंगलात जेसीबी घालायचा?" मी भीतभीत विचारलं, "अण्णा, तुमच्या घराच्या विटा कशातून जाणार?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाढवावरून." गाढवाला अभयारण्यात प्रवेश आहे का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. त्याचं उत्तर मला त्यांनी सांगितलेलं नाही.

सोलापूरच्या नान्नजची हकिगत आणखी वेगळी. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. त्यात गावं आली, शेतं आली. पुढं ते बाराशेच्या आसपासवर आणावं लागलं. अण्णांना ही जागा फार आवडली होती. मोकळा माळ, झाडांची कटकट नाही, वारा बरा. पण माळढोकाला बाजूचं दिसतं, नाकासमोरचं नीट दिसत नाही. पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, उडताना तारा दिसल्या तरी वेळेत वळता येत नाही. तारांवर आपटून मरतो. म्हणून तार नको, खांब नको, पातं तर नकोच. अण्णांनी दोन दिवस माळावर काढले. माळढोक दिसला नाही. परत आल्यावर म्हणाले, "त्याचं आणि माझं एकच आहे. दोघांनाही माळ मोकळा लागतो." नाकासमोरचं न दिसण्याबद्दल मी काही बोललो नाही.

पण वहीतलं सर्वांत मोठं पान अमराबादचं. नल्लमलाच्या डोंगरातलं हे व्याघ्र राखीव क्षेत्र अडीच हजारावर चौरस किलोमीटरचं, आणि हैदराबादहून श्रीशैलमला जाणारा रस्ता त्याच्या पोटातून जातो. मन्ननूरचं नाकं रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतं, म्हणून आम्ही पहाटे चारला माझ्या जुन्या वॅगनारमधून निघालो. अण्णांच्या मांडीवर वही, पायाशी वहिनींनी दिलेला दशम्यांचा डबा, मागच्या सीटवर छत्री आणि दोऱ्याचं रीळ. फरहाबादच्या टोकावर वनखात्याच्या सफारीच्या जीपमधून पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. पुढं एकदम कडा तुटलेला, खाली मैलोन्‌मैल जंगल, आणि कड्यावरून अंगावर येणारा वारा. अण्णांनी यंत्र वर धरलं. पाच पूर्णांक आठ. त्यांनी मला पुन्हा बघायला लावलं. पाच पूर्णांक नऊ. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चप्पल काढली. देवळात काढतात तशी.

मग दिशा बघायला उदबत्ती पेटवली. पुढच्या सेकंदाला ती त्यांच्या हातात नव्हती. जीपबरोबरचा वाटाड्या, पंचविशीतला चेंचू मुलगा, उदबत्ती पायाखाली चुरडून वर पाणी ओतत होता. उन्हाळ्यात इथं ठिणगीनं डोंगर जळतात, असं त्यानं तेलुगूत सुनावलं आणि कसली पूजा करताय ते विचारलं. अण्णांनी त्याला खरं ते सांगितलं. इथं एक घर बांधायचंय. मातीचं. छोटं. वाऱ्यावर चालणारं.

चेंचू या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या वस्तीला पेंटा म्हणतात. मुलाचा जन्म अशाच एका पेंटातला. त्यानं अण्णांकडे नीट पाहिलं. मग विचारलं, मातीचं का? अण्णा म्हणाले, निसर्गाला त्रास नको म्हणून. त्यानं विचारलं, वारा का? अण्णांनी दोनाचा घन सांगितला. तो म्हणाला, आमच्याकडे वारा लागायला लागला की आम्ही तट्टा बांधतो. एवढं झाल्यावर तो थोडा थांबला, आणि अगदी साध्या आवाजात, भांडण करायच्या नव्हे तर समजून घ्यायच्या आवाजात म्हणाला, "आम्हाला पैसे देतो, बाहेर जा म्हणतात. तुम्ही पैसे भरून आत येणार?"

अण्णांना उत्तम तेलुगू येतं. त्या दिवशी ते पार संपलं.

दशम्या आम्ही मन्ननूरच्या चहाच्या टपरीवर खाल्ल्या. अण्णांनी एक दशमी उलटून पालटून पाहिली आणि डब्यात परत ठेवली. आमनगल ओलांडेपर्यंत बोलले नाहीत. नंतर वही उघडली. रात्री मी हळूच पाहिलं: 'फरहाबाद. वारा ५.९. पाणी: खाली. शेजार: प्रश्न विचारतात.' शेऱ्याचा रकाना कोरा होता. तो अजूनही कोराच आहे.

माणूस गप्प बसला तो चारच दिवस. पाचव्या दिवशी आम्ही चिलकूरच्या बालाजीला. हा बालाजी व्हिसा मिळवून देतो अशी ख्याती आहे. मागताना अकरा प्रदक्षिणा, मिळालं की एकशेआठ. अमेरिकेच्या वाटेवरच्या पोरापोरींच्या घोळक्यात अण्णांनी धोतर सावरत अकरा पूर्ण केल्या. "एकशेआठ घालायला गुडघे शाबूत असेपर्यंत जागा मिळायला हवी, म्हणून घाई," असं म्हणाले. देवळाजवळच मृगवनी राष्ट्रीय उद्यान. म्हणजे अर्ज आणि जागा एकाच बसच्या तिकिटात. पलीकडे गंडीपेटचा उस्मानसागर. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधला, १९२० साली पुरा झाला. त्याच्या आणि हिमायतसागरच्या भोवतालच्या ८४ गावांत बांधकामं आवरणारा १९९६ चा १११ नंबरचा हुकूम इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'ट्रिपल वन' म्हणतात त्याला. तो उठणार, नाही उठणार, यावर हैदराबादेत इराणी चहाच्या जितक्या कपबशा उपड्या झाल्या तितक्या निवडणुकीवरही झाल्या नसतील. बाकीचे लोक तो उठावा म्हणून चहा पितात. अण्णा तो राहावा म्हणून. राहिला तरच तिथं बांधण्यात अर्थ, असं त्यांचं म्हणणं.

हा माणूस ढोंगी नाही, हे मी शपथेवर सांगेन. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं अभयारण्यांच्या हद्दीभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा संवेदनशील धरायचा, त्यात नवं पक्कं बांधकाम नाही, असा निकाल दिला. अण्णांच्या वहीतल्या अकरा जागा एका सकाळीत गेल्या. ज्या जागा आत बसत नाहीत त्या काठावर तरी बसतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी पेढे वाटले. "जंगल वाचलं," म्हणाले. पुढच्या एप्रिलमध्ये कोर्टानं तो सरसकट नियम सैल केला, तेव्हा मी अभिनंदन करायला वर गेलो, की तुमच्या अकरा परत आल्या. अण्णा खिडकीशी तोंड पाडून बसले होते. "आता तिथं कुणीही बांधील रे," म्हणाले.

आणि बतुकम्मा कुंटा? हा तर आमच्या अंबरपेठेतलाच तलाव. म्हणजे तलाव होता हे म्हाताऱ्यांनाच आठवायचं. आम्ही पाहिली ती झुडपं आणि राडारोडा. २०२४ मध्ये सरकारनं हायड्रा नावाची यंत्रणा काढली, तलावातली-नाल्यातली अतिक्रमणं हटवायला. तिनं २०२५ मध्ये इथं खोदायला घेतलं आणि फार खोल न जाता पाणी लागलं. सारं अंबरपेठ बघायला लोटलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बतुकम्माच्या सणाला तिथं खरोखरीचा तलाव होता. अण्णा रोज जायचे. काठावर उभं राहून, जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायचे, "तलावात घरं बांधतात! लाज नाही, शरम नाही! पाण्याची जागा पाण्याला, झाडाची झाडाला!" एवढं बोलून यंत्र काढायचे. "दोन पूर्णांक तीन," म्हणायचे, आणि पलीकडच्या काठाकडे असं बघायचे की मला त्या तलावाची काळजी वाटायची.

खरा कसोटीचा प्रसंग आला तो एका दलालाच्या रूपानं. वॉचमनच्या ओळखीतून आला. श्रीशैलम रोडवर कडतालच्या बाजूला 'इको व्हिलेज' आहे म्हणाला. लेआउट पास, रजिस्ट्री साफ, मातीच्या विटांची घरं बांधायला मोकळीक, प्रत्येक प्लॉटवर छोटी पवनचक्की लावली तरी हरकत नाही. वहिनी पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या. जागा चढावर होती. पश्चिमेकडून वारा येत होता. अण्णांनी यंत्र वर धरलं आणि चेहरा उतरला. पाच पूर्णांक एक.

पाणी? बोअरला आहे. उतार? हवा तसा. दवाखाना? पंधरा मिनिटांवर. वहिनी फिरून आल्या, तुळशीची जागा ठरवून आल्या. माझ्या कानात म्हणाल्या, "पाटल्या मोडीन म्हणावं, लागल्या तर."

मी अण्णांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलेलं नाही. फरहाबादच्या कड्यावर ते टोकाला उभे होते तेव्हाही नाही. चौदा वर्षांत एकही जागा त्यांच्या अंगावर अशी चालून आली नव्हती. ते सारखे इकडेतिकडे बघत होते, वर्गात गृहपाठ न केलेल्या पोरासारखे. शेवटी म्हणाले, "मोर कुठायत?"

"आएंगे ना सर," दलाल म्हणाला. "गेट पे दो बिठाए हैं, सिमेंट के. देखे नहीं?"

"इथं... लोक येतील."

दलालाला वाटलं गिऱ्हाईक पटलं. "सत्तर प्लॉट बिक गए सर! दिवाली तक फुल!"

अण्णांनी यंत्र खिशात टाकलं.

परत येताना ते पुढं बसले होते, झोपेचं सोंग घेऊन. वहिनी मागून बोलत होत्या, माझ्याशी, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "मला बघायला आले होते ना, लातूरला, तेव्हा पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, आमच्या आंगणाची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. वडिलांनी विचारलं, मग काय ठरवलं? म्हणाले, कळवतो. पाच महिन्यांनी कळवलं, भाऊ. पाच महिने! तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलं." पुढच्या सीटवरचं घोरणं जरा मोठं झालं. दलालाचे फोन महिनाभर येत राहिले. मग दिवाळी झाली.

मृग लागला त्या आठवड्यातली ही शेवटची गोष्ट. चार वाजता आभाळ एकाएकी काळं झालं आणि बायका गच्चीवर पळाल्या. कुरडया, गाद्या, साड्या, कुणाकुणाच्या मिरच्या. मी वहिनींच्या कुरडयांचं प्लास्टिक गुंडाळायला वर गेलो आणि वाऱ्यानं जिन्याचं दार माझ्या हातातून हिसकावून घेतलं. नैर्ऋत्येकडून येत होता, मुसीचा वास घेऊन. तो आमच्या भागात वर्षभर असतो, वाऱ्याबरोबर जरा ताजा होतो इतकंच. पाण्याच्या टाकीपाशी अण्णा उभे. बनियन, चौकडीची लुंगी, हात वर.

वहिनींची जांभळी साडी दोरीवरून सुटली, गच्चीभर फिरली आणि शेजारच्या इमारतीच्या डिश अँटेनाला जाऊन गुंडाळली. पलीकडचा मुलगा ती सोडवायला धावला.

"काढू नको!" अण्णा ओरडले. "दिशा कळतेय!"

मग यंत्र खाली आणलं, लुंगीला पुसलं, पुन्हा वर धरलं. पुन्हा बघितलं. मला हाक मारली, "तू बघ. माझ्या चष्म्यावर थेंब आहेत."

सात पूर्णांक एक. चौदा वर्षांच्या वहीत इतका मोठा आकडा नव्हता.

वही आणायला त्यांनी मलाच पिटाळलं. टाकीच्या आडोशाला बसून, पानावर छत्री धरायला लावून, त्यांनी आपल्या त्या सुबक अक्षरात लिहिलं: 'अंबरपेठ, गच्ची. वारा ७.१, नैर्ऋत्य. पाणी: दिवसाआड. उतार: नाही.' शेजार या रकान्यापाशी थांबले. मान वर केली. सात-आठ बायका, त्यातल्या दोघी एकाच गादीची दोन टोकं धरून भांडत होत्या, समोरच्या गच्चीवरचा मुलगा साडीच्या पदरासकट 'गाली अंकल, निकालूं क्या?' विचारत होता, आणि मी, छत्री धरून. त्यांनी लिहिलं, 'भरपूर.'

शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून ते बराच वेळ बसले. एक मोठा थेंब कागदावर पडला आणि 'भरपूर'चा र जरा पसरला.

ओल्या साडीचा बोळा काखेत मारून वहिनी आल्या. वहीत डोकावल्या. वाचलं. "मग?" म्हणाल्या. "पसंत पडली का जागा?"

अण्णांनी वही मिटली.

"कळवतो."